माझ्या रागापायी अडलेला घास

दानीएलमामांना जाऊन आता वर्ष होत आलं. हा माणूस साधा होता, वेडा होता की आपल्याहून फार पुढचा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चाकूरला आमच्या घरी विषय निघाला की बायको म्हणते, "देवमाणूस होता." मी म्हणतो, "होता खरा." आणि लगेच मला नांदेड आठवतं आणि तोंड कडू होतं. बारा वर्षं एका गादीवर शेजारी बसलो, एका एसटीने गेलो-आलो, तरी माणूस कळला म्हणायची माझी छाती होत नाही.

लातूरच्या कापडबाजारात आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे शेठचं, आम्ही नोकर. साड्या, शालू, पॅन्टपीस सगळं होतं, पण खरा धंदा बस्त्याचा. लग्न ठरलं की दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं जीप करून येतात, पांढऱ्या गादीभोवती बसतात आणि नवरीच्या शालूपासून आजीच्या लुगड्यापर्यंत अख्ख्या लग्नाचं कापड एका बैठकीत काढतात, तो बस्ता. बस्ता दाखवणाऱ्याचं काम एकच, समोरचा थकेपर्यंत ढीग वाढवत राहायचं. चहा मागवायचा, थंड मागवायचं, वरमाईला "तुमाला हीच शोभंल" म्हणायचं. मी त्यात तयार होतो. विक्रीवर कमिशन मिळायचं, आणि मला कमिशन आवडायचं, खोटं कशाला सांगू.

दानीएलमामा माझ्या शेजारी बसायचे आणि नेमकं उलटं करायचे. सहा फूट उंच, काळे, कानावर केस पांढरे, दोन पांढरे सदरे आलटून पालटून. अहमदपूरच्या चर्चमधले जुने सभासद, आजोबांपासून ख्रिस्ती. गिऱ्हाईक बसलं की पहिला प्रश्न, "किती माणसांचं घ्यायचं हाय?" आकडा कळला की तेवढ्याच साड्या लागेपर्यंत दाखवायचे, आणि आकडा पुरा झाला की उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, ती मोरपंखी दाखवा की." मामा घडी घालता घालता म्हणायचे, "दाखवतो. पण नेसणार कोन?" गिऱ्हाईक पुढे केलेला हात मागे घ्यायचं. मला शेजारी बसून घाम फुटायचा.

याचा अर्थ त्यांना कापडाचा तिटकारा होता असा नाही. उलट रेशीम त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसे. साडीवरून हाताचा पालथा पंजा फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "काय विणलंय! देवानं बोटं दिली ती अशासाठी." मी एकदा चिडवलं, "मग विकू का देत न्हाई तुम्ही?" तर म्हणाले, "कापडाचा काय गुन्हा? गुन्हा आपल्या पोटात हाय. पोट हाय का पोतं, ते एकदा ठरवावं मानसानं."

एका बस्त्याची गोष्ट सांगतो. मुलीचा बाप शाळेत शिपाई, गरीब स्वभावाचा. नवऱ्या मुलाची आत्या, आमच्याकडे मावळण म्हणतात, ती मानाच्या साडीसाठी अडून बसली. नवरीच्या शालूच्या तोडीची पाहिजे म्हणाली. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. मामांनी मावळणीला पाणी दिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मावशी, मागच्या लग्नात तुमाला मानाची मिळाली ती कोन्त्या रंगाची होती?" बाई म्हणाली, "हिरवी." मग म्हणाली, "न्हाई, ती त्याच्या आधीची. जांभळी असंल." मग शेजारच्या बाईकडे बघायला लागली. तिलाही आठवेना. शेवटी बाईलाच हसू फुटलं. "मेल्या, पेटीत काय हाय तेच म्हायीत न्हाई मला," म्हणाली, आणि साधी सुती जरीकाठाची घेऊन गेली. मुलीचा बाप जाताना मामांच्या पाया पडायला वाकला, तर मामांनी त्याला धरून बाहेर नेलं आणि रस्त्यावरची जिलेबी खाऊ घातली.

प्रत्येक वेळी असं गोड व्हायचं असंही नाही. उदगीरकडचं एक मोठं घर भर बस्त्यातून उठून गेलं. "आमाला भिकारी समजलास का?" असं म्हणून त्यांच्यातल्या एकाने मोजपट्टी फेकली. शेठ लाल झाले. माझंही कमिशन बुडालं. मामा म्हणाले, "चुकलं माजं, जरा जोरात बोललो," आणि पुन्हा घड्या घालायला लागले.

दुसरी अडचण रविवारची. रविवार हा बस्त्याचा मोठा दिवस, आणि हा गृहस्थ रविवारी यायचाच नाही. शेठने पगार कापला तरी नाही. सकाळच्या एसटीत मामा माझ्यासाठी खिडकीजवळ टॉवेल टाकून जागा धरायचे. चाकूरला मी चढलो की एकदा हसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मला आधी वाटलं, झोपतात. वर्षभराने कळलं, प्रार्थना करतात. "काय मागता एवढं?" विचारलं तर म्हणाले, "आजची भाकर. उद्याची मागायची न्हाई असं शिकवलंय आमाला." मी म्हटलं, उद्याची उद्या मागायला पुन्हा एसटीतच बसावं लागेल. ते खूप हसले.

पण हाच माणूस संध्याकाळी स्टँडबाहेर वांगी विकणाऱ्या बाईशी रुपया-दोन रुपयांसाठी अशी घासाघीस करायचा की ऐकवत नसे. एकदा मी म्हटलंच, "मामा, हा लोभ न्हाई का?" त्यांनी वांग्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चढलो तेव्हा म्हणाले, "व्हय दिगंबर, लोभच हाय. प्रार्थना करून राहिलो. सुटत न्हाई." आणि संध्याकाळी पुन्हा त्याच बाईशी तेच. आता अशा माणसाला काय म्हणावं?

खरा घोटाळा पुढे झाला. मामांच्या या वागण्याने दुकान बुडायला हवं होतं, ते वाढलं. मावळणीचा किस्सा गावोगाव गेला. लोक दारात येऊन विचारायला लागले, "ते घड्या घालनारे मामा कुठं बसतात?" मुलीचे बाप तर मुद्दाम वरपक्षाला आमच्याकडे आणायचे. अर्धापूरचे केळीवाले बागाईतदार, ज्यांना नांदेड हाकेवर, ते नांदेडची सगळी दुकानं ओलांडून लातूरला यायला लागले. आल्यावर घ्यायचे ते घ्यायचेच, उलट विश्वासाने जास्त घ्यायचे. मामा घडी घालायचे आणि लोक म्हणायचे, "बघा, असा खरा मानूस! द्या आनखी दोन." मामा गोंधळून माझ्याकडे बघायचे. मी खांदे उडवायचो. माझं कमिशन वाढत होतं, मला काय तक्रार?

शेठ हुशार माणूस. त्यांनी चौकात मोठा फलक लावला. त्यावर मामांचा हसरा फोटो, पांढरा सदरा, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'गरजेपुरतंच घ्या. आमच्याकडेच घ्या.' गिऱ्हाईकं मामांसोबत फोटो काढायला लागली. आम्हा बाकीच्या नोकरांना सांगण्यात आलं की साड्या दाखवून झाल्या की तुम्हीही मामांसारखं घडी घालायला लागा, मग गिऱ्हाईक स्वतःहून थांबवतं. आणि खरंच थांबवायचं! मी ते इतकं सफाईने करायला लागलो की मामा एकदा माझे हात बघत राहिले.  त्या दिवसांत एक बदल झाला होता. एसटीतून उतरलो की आम्ही नेहमी गल्लीतून दुकानात जायचो, पण आता मामा म्हणायचे, "तू हो पुढं, म्या चौकातून येतो, जरा पाय मोकळे करतो." मला वाटलं, वय झालं, पाय आखडत असतील.

मग नांदेड निघालं. शेठने नांदेडला नवं दुकान घ्यायचं ठरवलं, तीन मजली. मामा तिथले मुख्य, मी त्यांच्या हाताखाली दुसरा. दुकानामागे राहायला दोन घरं, एक मामांना, एक मला. हे माझ्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. बारा वर्षं रोज चाकूर-लातूर करून माझी कंबर गेली होती. पोरगी दहावीला होती, तिला पुढे शिकायला शहर पाहिजे होतं. बायकोने तर माहेरी सांगूनही टाकलं. अट एकच होती. शेठ म्हणाले, "मामा येत असतील तर नांदेड. मामा नसतील तर मला तिथं कोण ओळखतंय?"

मामा म्हणाले, "रविवारनंतर सांगतो."

सोमवारी सकाळी एसटीत त्यांनी जागा धरली होती. हसले. डोळे मिटले. अष्टामोडच्या थांब्यावर उघडले. मी म्हटलं, "मग सामान कधी हलवायचं?" म्हणाले, "म्या येत न्हाई नांदेडला. आनि लातूरही सोडून राहिलो." मला आधी वाटलं, थट्टा करतात. दुकानात गेल्यावर त्यांनी शेठसमोर हात जोडले, फलक उतरवायची विनंती केली, गादीला हात लावून तो कपाळाला लावला आणि बाहेर पडले. शेठने पगार वाढवतो म्हटलं, रविवारची सुट्टी देतो म्हटलं. मामांची मान नाही-नाही हलतच राहिली. नांदेड तिथेच बारगळलं.

मी त्यांच्या मागे स्टँडपर्यंत गेलो आणि चारचौघांत ओरडलो. आजही लाज वाटते, पण बोललो ते बोललो. "तुमाला सोन्याचं ताट नको असंल तर नका घेऊ. माजं कामून पालथं घातलं?" मामा म्हणाले, "दिगंबर, मला सांगता येईना." मी म्हटलं, "मग तुमच्या देवाला विचारून सांगा." आणि वळलो. त्यानंतर मी खिडकीजवळच्या जागेवर दुसऱ्याच कुणाला तरी बसलेलं बघायचो आणि मुद्दाम मागे जाऊन उभा राहायचो.

मामांनी अहमदपूरला घराच्या ओसरीत शिलाई मशीन टाकलं. फॉल-बिडिंग, ब्लाउजची उसवण, शाळेच्या मुलांच्या पॅन्टी. हे मला लोकांकडून कळत होतं. मी गेलो नाही.

तीनेक महिन्यांनी एका शनिवारी मामा चाकूरला माझ्या दारात उभे. बायकोने पाणी दिलं. मामा खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "दिगंबर, आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आनि द्राक्षाचा रस. पन ज्याच्या मनात आपल्याबद्दल कायी हाय, त्याच्याशी आधी मिटवून यावं लागतं. न्हाईतर त्या मेजापाशी जाऊ नये. म्या तीन महिने गेलो न्हाई."

मला काही कळेना. माझ्या मनातल्या गोष्टीने यांच्या देवाच्या ताटाला कसा अडथळा होतो? मी घाईघाईने म्हटलं, "माझं काही नाही मामा. खुशाल बसा उद्या." मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "खोटं बोलून राहिलास," म्हणाले. "नगं बोलू. राग खरा हाय तर राहू दे. म्या थांबतो." चहा न पिता उठले.

मी भडकलो. बायकोला म्हटलं, "ही कसली जबरदस्ती? हे उपाशी बसणार आणि पाप माझ्या डोक्यावर?" बायको म्हणाली, "उपाशी कुठं? एका तुकड्याचं तर हाय." पण तो एक तुकडा माझ्या घशात अडकला. दर महिन्याचा पहिला रविवार आला की मला आठवायचं, आज ते बसले नसणार. सण असो, पाऊस असो, मला तारीख पाठ झाली. चौथा गेला, पाचवा, सहावा. मी स्वतःला विचारायचो, राग गेला का? गेला नव्हता. मग जाऊन काय सांगू? असा विचित्र कोंडलो होतो की हसावं की रडावं कळेना.

सातव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गेलो. अहमदपूरला सकाळी पोचलो तेव्हा मामा चर्चच्या अंगणात सतरंज्या झटकत होते. मला बघून हातातली सतरंजी तशीच राहिली. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. मी सरळ विचारलं, "नांदेडला कामून न्हाई म्हणलात? तेवढं सांगा. पैशाची भीती वाटली का?"

"पैशाला म्या भीत न्हाई," मामा म्हणाले. "पैशाची सवयच न्हाई मला. दुसरंच निघालं." ते सतरंजीच्या दशा ओढत राहिले. "चौकातून कामून जायचो म्हायीत हाय का तुला? फोटो बघायला. रोज. लोक खाली उभं राहून माजं नाव घ्यायचे ते ऐकायला. ह्या मानसाला कशाचा लोभ न्हाई, म्हणायचे. लई गोड लागायचं दिगंबर. सकाळी एसटीत डोळे मिटले तर देवाच्या जागी तो फोटोच दिसायला लागला. आनि नांदेडला शेठ तो फोटो दोन मजली उंच लावनार होते. दोन मजली! म्या रात दिवस तेच बघत होतो. म्हणून पळालो."

 बारा वर्षं ज्याला मी निर्लोभी समजत होतो, तो मला सांगत होता की तोच सगळ्यात मोठा लोभी. विश्वास ठेवावा की नाही कळेना. आणि त्यातच माझा राग कशाचा होता तो मला एकदम सापडला. मी म्हटलं, "मामा, तुमी तुमचा जीव वाचवला, बरं केलं. पण शेजारी म्या बसलो होतो. माजं घर, माजी पोरगी. मला एकदा विचारायचं तरी. तुमच्या लोभाशी भांडता भांडता म्या तुमाला दिसलोच न्हाई."

मामांचे डोळे भरले. "न्हाई दिसलास," म्हणाले. "तेव्हाबी म्या माज्याकडंच बघत होतो. माफ कर मला."

तेवढ्यात घंटा झाली. मार्थामामी, त्यांची बायको, दारातून हाक मारत होत्या. मामा आत गेले. मी परत निघायला पाहिजे होतं, पण पाय निघेनात. मी चपला काढून अगदी मागच्या बाकावर बसलो.

गाणी झाली, पाळकांचं, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंचं, बोलणं झालं. मग त्यांनी मेजावरचं पांढरं कापड काढलं आणि सांगितलं, ज्यांचा शेजाऱ्याशी सलोखा आहे त्यांनी पुढे यावं. ओळीने माणसं उठायला लागली. मार्थामामी उठल्या, मागे न बघता एकट्याच पुढे गेल्या, बहुतेक सहा महिन्यांची सवय. मामा बसून राहिले. बाक रिकामे होत गेले तसे ते सहा फुटांचे गृहस्थ एकटेच दिसायला लागले. आणि मग त्यांनी वळून मागे माझ्याकडे बघितलं.

त्या नजरेत विनवणी नव्हती. नुसतं थांबले होते. चर्चमधले लोकही वळून बघायला लागले.  मी त्यांना माफ केलं होतं का? नांदेडचं घर, पोरीचं शिक्षण, माझी कंबर, सगळं जिथल्या तिथे होतं. राग शोधला तर होता, नाही असं नाही. आणि समोर हा माणूस माझ्या एका इशाऱ्यासाठी अडून बसलेला. माझी मान 'हो' म्हणून हलली. मी हलवली की आपोआप हलली, हे मला आजतागायत सांगता येणार नाही.

मामा उठले. लांब लांब पावलं टाकत गेले आणि मेजापुढच्या कठड्याशी सगळ्यात शेवटी गुडघे टेकून बसले. वाकलेली पाठ, सदऱ्याला खांद्यावर ठिगळ, दोन्ही हात लहान पोरासारखे पुढे केलेले. पाळकांनी त्यांच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. मागच्या बाकावरून तो मला दिसलासुद्धा नाही, एवढासा होता. मामांनी तो तोंडात घातला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो, कारण मलाही रडू आवरेना, आणि कशासाठी रडतोय ते कळत नव्हतं.